आप्पाचं कागदावरचं नाव

कांदा उपटून तीन दिवस झाले होते. पात सुकून दोरीसारखी झाली होती आणि ती लवकर कापून कांदा चाळीत घातला नसता तर उन्हानं पोळला असता. म्हणून मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई छबूबाई, आम्ही दोघी उजाडल्यापासून ढिगापाशी बसून कापत होतो. मी त्यांना अक्का म्हणते. चाळीस वर्षं झाली, आमच्या चुली दोन झाल्या तरी वावर एकाच बांधाचं आहे आणि विळासुद्धा आम्ही एकीच्या दगडावर दोघींचा घासतो.

आमचं गाव तिसगावच्या वरच्या अंगाला. चैत्र संपत आला की इथली माती अशी तापते की बसायला गोणपाट टाकलं तरी चटका लागतो. दहाचा सुमार असेल. रस्त्यावर मोटारसायकल थांबली आणि अक्कांची सून शुभांगी, तिचा नवरा सहादेव आणि मधे बसलेली सात वर्षांची राजनंदिनी, अशी तिघं बांधावरून चालत आली.

सून म्हणते खरी, पण आता ती दुसऱ्याच्या घरची आहे. थोरले दीर आधीच गेलेले, आणि अक्कांचा एकुलता एक मुलगा पाच वर्षांपूर्वी घाटात टेम्पो उलटून गेला. तेव्हा राजनंदिनी दोन वर्षांची होती. शुभांगीनं त्यानंतर तीन वर्षं याच वावरात काम केलं. मग अक्कांनीच स्थळ शोधलं आणि स्वतःच्या सुनेचं लग्न लावून दिलं. सहादेव ठुबे मूळचा राळेगणसिद्धीच्या बाजूचा, नोकरीमुळं केडगावला राहतो. कमी बोलणारा माणूस. त्याचीही पहिली बायको गेलेली. लग्नात अक्का आईच्या जागी उभ्या राहिल्या होत्या. गावात लोकांनी नावं ठेवली, काही जण पाया पडले.

पोर धावत आली ती आधी अक्कांच्या गळ्यात पडली. "मोठीआई, मी सगळ्या सुट्टीत ऱ्हानार हाय."

"ऱ्हा की. कांदं कापायला एक हात वाढला."

"मला डोळं झोंबत्यात."

"मंग तू नुस्तं मोज."

पोर लिंबाखाली कुत्र्याच्या पिल्लाकडं पळाली. शुभांगी हळूच खाली बसली. तिला सातवा लागला होता. तिनं पिशवीतून कागद काढला आणि सहादेवच्या हातात दिला. स्वतः वाचेना.

"काय हाय ते?" अक्का म्हणाल्या. हातातलं काम सुरूच होतं.

सहादेव म्हणाला, "मावशी, तुमची सही लागती. पन जबरदस्ती न्हाई. तुमी ऐका आधी." आणि त्यानं शाळेत धडा वाचावा तसा कागद वाचला. "मी, छबूबाई रंगनाथ लवांडे, माझा मुलगा कैलासवासी मच्छिंद्र रंगनाथ लवांडे याची मुलगी कुमारी राजनंदिनी मच्छिंद्र लवांडे हिचे नाव यापुढे राजनंदिनी सहादेव ठुबे असे लावण्यास माझी काही हरकत नाही."

अक्कांचा विळा थांबला.

"पुन्हा वाचा," त्या म्हणाल्या.

सहादेवला वाटलं, त्यांना कळलं नाही. त्यानं पुन्हा वाचलं, सावकाश. अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. मला कळलं त्या का ऐकताहेत ते. पण ते मी पुढं सांगते.

वाचून झाल्यावर अक्का म्हणाल्या, "माझी हरकत हाय."

"आत्या," शुभांगी म्हणाली, "माझं ऐकून तर घ्या."

"ऐकते की. कान हायेत मला."

"शाळंत फारम भरायचा असला की इचारत्यात, ही ठुबे अन् पोरगी लवांडे कशी. दवाखान्यात तेच, आधारला तेच. दर येळंला मी पयल्यापासून सांगायचं, घाट, टेम्पो, सगळं. अन् ती शेजारी उभी ऱ्हाऊन ऐकत असती. आता श्रावनात दुसरं येईल. त्या दोघांची नावं दोन जागची. पोरं इचारतील न्हवं तिला."

"मंग सांगावं तिनं. तिला काय बापाची लाज हाय?"

शुभांगीचे डोळे भरले, पण आवाज खाली आला नाही. "लाज असती तर तीन वरसं हितं बसून पात कापली असती का मी? तुमीच सांगा."

खरं होतं ते.

तेवढ्यात आमचे हे गोण्या घेऊन आले. त्यांना सगळं सांगितल्यावर ते गोणीवरच टेकले. "वैनी, पोरीचं नाव ते. लग्नात आडनाव जानार, बापाचं बी जानार. धा-बारा वरसांचा तर परश्न हाय."

"मंग धा-बारा वरसं तरी ऱ्हाऊ द्या की, भावजी," अक्का म्हणाल्या.



"आत्या, तुमचं बी नाव मनकर्णा हुतं," शुभांगी म्हणाली. "तुमीच सांगितलंय मला. लग्नात तांदळात अंगठीनं छबू लिवलं अन् तुमी छबू झाल्या. कुनी इचारलं हुतं का तुमाला? मरून गेल्या का तुमी त्यानं?"

"न्हाई मेले. पन मनकर्णा म्हनून हाक मारनारा शेवटचा मानूस माझा भाऊ हुता. त्यो गेला तवा मी दोनदा रडले. म्हनून तर सांगते तुला."

सहादेवनं कागदाची घडी घातली. "ऱ्हाऊ द्या, मावशी. माझं काय म्हननं न्हाई. मला तिचा बाप व्हायला कागद लागत न्हाई."

"पाव्हनं, तुमचं न्हाईच म्हनत मी," अक्का म्हणाल्या. "तुमी लई भलं मानूस. पन माझ्या पोराचं आता हाय काय ह्या दुनियेत? कपडं लोकांनी सांगितलं म्हनून वाटून टाकलं. टेम्पो भंगारात गेला. बायकू, मीच दुसऱ्याच्या हातात दिली. पोरीच्या नावात मधी तेवढा बसलाय. तेवढा बसू द्या."

ती दोघं जेवून गेली. पोर राहिली, आणि जाताना शुभांगीनं तो कागदही देवळीत गणपतीच्या तसबिरीमागं ठेवला. अक्कांनी बघितलं, पण काढून टाकला नाही.

*

आता ते नाव. हे नाव मी लिहिते आहे खरी, पण आज बासष्टाव्या वर्षीही मी ते तोंडानं घेतलेलं नाही. कारण ते आमच्या सासऱ्यांचं नाव. मच्छिंद्र.

आमच्या या भागात नाथांवर लोकांची फार श्रद्धा. मायंबाचा डोंगर, मढीचा गड, जवळच सगळं. सासऱ्यांच्या आईनं नवस बोलला आणि मुलगा झाला, त्याला तिनं नाथांचंच नाव दिलं. ते सासरे वारले आणि चार महिन्यांनी अक्कांना मुलगा झाला. सासूबाईंनी पोर हातात घेतलं, कपाळ बघितलं, आणि म्हणाल्या, "मालक आलं परत." बाराव्या दिवशी आत्यानं पाळण्यात कुर्र केलं आणि नाव ठेवलं मच्छिंद्र. मोठं मानाचं नाव. आणि त्याच क्षणी ते नाव त्याच्या आईला परकं झालं.

आमच्याकडं सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. पोराला लागलं तरी नाही. सासूबाईंनी त्याच दिवशी सांगितलं, घरात सुनांनी याला आप्पा म्हणायचं. सासऱ्यांना आम्ही आप्पाच म्हणत होतो, तेच पोराला लागलं. मग घरातले पुरुषही आप्पा म्हणू लागले, गल्ली आप्पा म्हणू लागली. पुढं शुभांगी आली, तिला तर नवऱ्याचंच नाव, ती कशी घेणार. मच्छिंद्र हे नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं, टेम्पोच्या लायसनवर राहिलं आणि मतदार यादीत राहिलं. घरात कधी आलंच नाही.

मी नेमधर्म पाळणारी बाई. पहाटे अंघोळ, तुळशीला पाणी, पोथीचा एक अध्याय, मग चूल. गुरुवारी दुपारी बारापर्यंत मौन. मला वाटायचं, नावाचा नेम पाळणं हेही पुण्याचंच काम. एकदा आप्पा पाच-सहा वर्षांचा असताना जत्रेत हरवला. अक्का वेड्यासारख्या "आप्पा, आप्पा" ओरडत फिरत होत्या आणि दहा म्हातारे वळून बघत होते. जत्रेतल्या आकाशपाळण्यापाशी उभ्या राहिल्यावर त्या मला म्हणाल्या, "भागे, आता नाव घेते मी, काय व्हायचं ते होऊ दे." मीच म्हणाले, "अक्का, नको. सापडंल त्यो. नेम मोडू नका." आणि तो सापडला. मला वाटलं नेमानं सापडला.

घाटातून त्याला आणलं त्या दिवशी अक्का त्याच्या छातीवर पडून रडल्या, तेव्हाही आप्पाच म्हणाल्या. तिथंही जीभ सुटली नाही. ते आठवलं की पोथी वाचताना माझा अध्याय मधेच थांबतो.

आपल्या पोरीचं नाव मात्र त्यानं स्वतः ठेवलं होतं. आत्याला पाळण्यापाशी उभं केलं, पण चिठ्ठी त्याची. तीन दिवस मोबाईलमध्ये नावं आणि त्यांचे अर्थ वाचत होता. आमचे हे म्हणाले, "साधं ठिव की रं, हाक मारायला बरं." तर म्हणाला, "नाना, आपल्याकडं एका नावाची पाच-पाच मानसं. पोस्टमन माझं पत्र दुसऱ्याला देतो. माझ्या पोरीचं नाव गावात एकटीचंच पायजे." राजनंदिनी म्हणजे राजाची लेक, असं त्यानं सगळ्या आळीला सांगितलं. टेम्पोच्या कपाळावर रंगवून घेतलं. आम्ही हसलो होतो. आता गावात तीन राजनंदिनी आहेत.

*

सुट्टी लागली आणि अक्कांनी एक नवीनच नेम धरला. सकाळी पोर उठून ओट्यावर आली की दुधाची वाटी हातात द्यायच्या आधी म्हणायच्या, "पूर्न नाव सांग."

"राजनंदिनी मच्छिंद्र लवांडे."

"गाव?"

पोर गाव सांगायची. मग वाटी.

पहिले दोन दिवस पोरीला गंमत वाटली. मग पाढा म्हणावा तसं ती एका दमात म्हणू लागली. अक्का एवढ्यावर थांबल्या नाहीत. कुणी दारात आलं की, दूधवाला असो, मीटर बघायला आलेला असो, त्या पोरीला पुढं करायच्या. "सांग गं तुझं नाव." पोर सांगायची. तो माणूस म्हणायचा, हुशार आहे. अक्कांचं तोंड असं व्हायचं, जणू कुणी तहानलेल्याला तांब्या दिला.

बाजारला गेल्या तरी तेच. तिसगावात भाजीवाल्या मावशीनं विचारलं, "कुनाची गं तू?" पोरीनं पूर्ण नाव सांगितलं. अक्का म्हणाल्या, "पुन्हा सांग, त्यांना ऐकू न्हाई आलं." भाजीवालीला चांगलं ऐकू आलं होतं.

आमचे हे एकदा जेवताना मला म्हणाले, "वैनी पोरीला पोपट करून ऱ्हायल्यात."

मी म्हणाले, "अक्कांना स्वतःला म्हनता येत न्हाई, म्हनून तिच्या तोंडून ऐकत्यात."

ते घास हातात धरून थांबले. सगळा जन्म या घरात काढून त्यांच्या हे ध्यानात आलं नव्हतं. त्यांना ते नाव घ्यायला कधीच बंदी नव्हती.

*

मग तो गुरुवार आला. माझं मौन होतं. मी अक्कांच्या पडवीत डाळ निवडत बसले होते. दारात कासारीण आली. नेहमीची नव्हे, तिची कुणी पाहुणी, नवी बाई, पाटी डोक्यावर. अक्कांनी पोरीसाठी हिरव्या बांगड्या भरायला तिला बसवून घेतलं. पोरीचा हात हातात घेऊन दाबत दाबत कासारीण बोलायला लागली, कारण बोलण्यात गुंतवलं की हात सैल पडतो.

"कुनाची गं तू, बाय?"

पोरीनं एका दमात सांगितलं. "राजनंदिनी मच्छिंद्र लवांडे."

"लई मोठं नाव. म्हंजी मच्छिंद्र तुझं वडील?"

पोर हसली. "न्हाई वं. माझं पप्पा सहादेव."

"मंग मच्छिंद्र कोन?"

"कोन न्हाई. ते माझ्या नावात असतं, मधी."

माझा हात सुपात तसाच राहिला. अक्का चुलीपाशी होत्या, त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"आगं," अक्का म्हणाल्या, "त्यो तुझा आप्पा."

"आप्पा?" पोरीनं मान वळवली. "आप्पा तर फोटूतला. त्याचं नाव आप्पा हाय." मग कासारणीला समजावून सांगायला लागली, मोठ्या माणसासारखं. "आमचा आप्पा टेम्पो चालवायचा. मला मांडीवर घिऊन हारन वाजवाया द्यायचा. त्याला दोडका आवडत न्हवता. एकदा त्यानं माझ्यासाठी घाटात टेम्पो थांबवून मोराचं पीस आनलं, ते माझ्या दप्तरात हाय. आप्पा मेला. पप्पा बी मला आप्पाच्या गोष्टी सांगत्यात, आईनं त्यांना सांगितल्यात. पन त्यो मच्छिंद्र न्हाई. मच्छिंद्र दुसरं कोनतरी."

अक्का पुढं आल्या. पोरीसमोर उकिडव्या बसल्या. "ऐक. तुझ्या आप्पाचं नाव..." एवढं म्हणाल्या आणि ओठ हलले. आवाज नाही. पुन्हा ओठ हलले. मी बघत होते. आवंढा गिळावा तसं ते नाव त्यांनी गिळलं. मग माझ्याकडं बघितलं.

मला मौन होतं. पण खरं सांगते, मौन नसतं तरी ते नाव माझ्याही तोंडातून आलं नसतं.

कासारणीनं आम्हा दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. "सासऱ्याचं नाव असंल," ती म्हणाली. "आमच्यात बी तसंच." आणि पुढची बांगडी पुढं सरकवली. "हात सैल सोड, बाय."

संध्याकाळी आमचे हे वावरातून आल्यावर अक्कांनी त्यांना पोरीला सांगायला लावलं. त्यांनी ओट्यावर बसून सांगितलं, "बाळा, मच्छिंद्र म्हंजी आपला आप्पाच. कागदावर त्याचं नाव मच्छिंद्र हुतं."

पोरीनं थोडा विचार केला. "म्हंजी आप्पाला दोन नावं हुती?"

"व्हय."

"आप्पाच बरं हाय," ती म्हणाली, आणि बांगड्या वाजवत मैत्रिणीकडं पळाली.

मी दिवा लावून आले तेव्हा अक्का ओट्यावरच होत्या.

"भागे," त्या म्हणाल्या, "मी कुनासाठी भांडत हुते गं?"

"आप्पासाठी," मी म्हणाले.

"आप्पा तर तिच्याजवळ सगळाच्या सगळा हाय. दोडक्यासकट. त्या पाव्हन्यानं बी जपलाय. कागदातला जो मधी बसलाय म्हनून मी रडत हुते, त्यो तिचा कुनीच न्हाई." मग म्हणाल्या, "मला ते नाव ऐकायला पायजे हुतं. तिला वाटी दाखवून म्हनायला लावलं मी. सात वरसांची पोर ती. माझ्या कानासाठी तिनं किती दिस वागवावं ते?"

"अक्का, आपलीच चूक झाली," मी म्हणाले. "माझी जास्त."

"तुझी कशी?"

"जत्रंत मीच नको म्हनाले हुते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. नुसतं म्हणाल्या, "फोन लाव शुभीला. म्हनावं, यायचं कवा ते सांग."

*

पाथर्डीला गेलो तो सोमवार होता. पोरीला आमच्या ह्यांच्याजवळ ठेवलं. तहसील कचेरीच्या आवारात झाडाखाली वकिलांची टेबलं असतात, तिथं शुभांगी आणि सहादेव आधीच येऊन थांबले होते. अक्कांनी इरकली नेसली होती, लग्नाला निघाल्यासारखी. शुभांगी त्यांच्या पाया पडायला वाकली तर तिला वाकू दिलं नाही.

"आत्या, मनापासून देताय न्हवं?"

"शुभे, मनाचं नगं इचारू. सही देते."

वकीलबाई तरुण होत्या, बोलायला गोड. कागद वाचून त्यांनी अक्कांना खुर्चीवर बसवलं. "आजी, यात काय लिहिलंय ते तुम्हाला समजलंय, हे मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. कुणी दबाव आणला नाही ना?"

"न्हाई."

"तुमचं नाव?"

"छबूबाई लवांडे."

"नातीचं?"

"राजनंदिनी."

"आणि मुलाचं? जो वारला त्याचं?"

"आप्पा."

"आप्पा नाही, आजी. कागदावरचं नाव सांगा."

मी कागदावर त्या नावाखाली बोट ठेवलं. म्हणाले, "बाई, हे बगा, हे. आमच्यात घेत न्हाईत."

"असू द्या, मावशी, त्यांनाच बोलू द्या. एकदाच सांगायचंय. मग मी निर्धास्त शिक्का मारते."

सहादेव पुढं झाला. "मॅडम, मी सांगतो की." वकीलबाईंनी मान हलवली. शुभांगीनं तोंडाला पदर लावला होता.

अक्का टेबलाच्या कडेला दोन्ही हात धरून बसल्या होत्या. मी मनात नाथांचं नाव घ्यायला गेले आणि माझ्या लक्षात आलं, मी मनातसुद्धा त्या एका नाथाला वगळूनच म्हणत आलेय. चाळीस वर्षं.

अक्का काहीतरी पुटपुटल्या.

"ऐकू नाही आलं, आजी." शेजारी झेरॉक्सचं यंत्र आणि त्याचा जनरेटर धडधडत होता.

आणि अक्का बोलल्या. वावराच्या या टोकाहून त्या टोकाला हाक घालावी तसा आवाज. "मच्छिंद्र."

आवारातली माणसं वळली. मुद्रांकाच्या रांगेतून एक माणूस बाहेर आला. पस्तिशीतला असेल, हातात सातबारा, गळ्याला गमजा. आप्पा असता तर एवढाच असता. तो टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"मावशी, मला हाक मारली?"

अक्कांनी त्याच्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुझं बी त्येच नाव का रं?"

"व्हय. कोन तुमी? वळखलं न्हाई मी."

"तुला न्हाई बाबा. माझ्या पोराला."

"कुटं हाय त्यो? बोलवून आनू का? लई गर्दी हाय आज, मी बघतो."

शुभांगी झाडाआड गेली. सहादेव तिच्यामागं गेला.

"ऱ्हाऊ दे," अक्का म्हणाल्या. "जा तू. तुझा नंबर जाईल."

तो रांगेत परत गेला, जाताना दोनदा मागं वळून बघितलं. वकीलबाईंनी पेन पुढं केलं. अक्कांनी सही केली. त्या सही सावकाश करतात, एकेक अक्षर शेणानं सारवल्यासारखं. शिक्का पडला. वकीलबाई कागद फुंकून वाळवत होत्या.

अक्का माझ्याकडं वळल्या. डोळे कोरडे होते.

"भागे," त्या म्हणाल्या, "लई सोपं हुतं गं म्हनायला."